प्रश्नोत्तरे: अर्ध्यावर तुटलेली मोठी फाइल पुढे कोठून पाठवावी?

मेसेज क्यूमधून, म्हणजे प्रोग्रॅमांमधील संदेश साठवून पुढे देणाऱ्या रांगेतून, मोठ्या फाइली पाठवताना मध्येच संपर्क तुटला तर काम पुढे कसे न्यावे, या विषयावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिला प्रश्न मुळालाच हात घालणारा असल्याने त्याचे उत्तर बरेच लांबले आहे.

प्रश्न: आमच्या यंत्रणेत काही जीबी आकाराच्या फाइली ५१२ केबीच्या तुकड्यांत कापून रॅबिटएमक्यू या मेसेज क्यू यंत्रणेच्या रांगेतून दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवल्या जातात. ब्रोकरकडून, म्हणजे रांग सांभाळणाऱ्या मधल्या सर्व्हरकडून, ज्या तुकड्याची पोच आली त्याचा क्रमांक पाठवणारा प्रोग्रॅम नोंदवून ठेवतो आणि संपर्क तुटल्यास त्याच्या पुढच्या तुकड्यापासून पुन्हा सुरुवात करतो. एरवी हे सुरळीत चालते; मात्र कधीकधी पलीकडे तयार झालेल्या फाइलचा आकार अगदी बाइटपर्यंत जुळतो, पण फाइल उघडत नाही, आणि आत पाहिले तर मधला एक पट्टा सगळा शून्यांचा असतो. दोष रांगेचा मानावा की आमच्या प्रोग्रॅमचा?

उत्तर: दोष प्रोग्रॅममधील एका गृहीतकाचा आहे. ब्रोकरची पोच म्हणजेच प्राप्तकर्त्याची पोच, असे आपला प्रोग्रॅम धरून चालतो. प्रत्यक्षात मध्ये रांग आली की एका हस्तांतरणाची दोन हस्तांतरणे होतात, एक पाठवणाऱ्याकडून ब्रोकरकडे आणि दुसरे ब्रोकरकडून प्राप्तकर्त्याकडे, आणि या दोन्हींची पोच वेगवेगळी असते. पहिल्या टप्प्याची पोच एवढेच सांगते की संदेश ब्रोकरने हाताळला. तो तुकडा पलीकडच्या डिस्कवर उतरला आहे की नाही, याविषयी ती काहीही सांगत नाही.

‘हाताळला’ हा शब्दही जपून वाचावा. रॅबिटएमक्यूमध्ये एखादा संदेश कोणत्याच रांगेकडे जाऊ शकत नसेल, उदाहरणार्थ रांगेची जोडणी त्या क्षणी अस्तित्वातच नसेल, तर ब्रोकर तो टाकून देतो आणि तरीही पाठवणाऱ्याला पोच देतो. असा संदेश परत यावा असे वाटत असेल तर पाठवताना ‘मँडेटरी’ हा निर्देश द्यावा लागतो. रांगेला कमाल लांबी ठरवून दिलेली असेल, तर ती भरल्यावर मूळच्या मांडणीनुसार (आपण काही बदलले नसेल तर) सर्वांत जुने, म्हणजे रीतसर पोच दिलेलेच संदेश बाहेर काढले जातात. संदेशांना मुदत घातली असेल तर ती संपल्यावर तेच होते. शिवाय वाचणारा प्रोग्रॅम आपोआप पोच देण्याच्या पद्धतीवर ठेवलेला असेल, तर तुकडा त्याच्याकडे रवाना होताच ब्रोकर तो विसरतो आणि त्यानंतर प्रोग्रॅम कोसळला तर तो तुकडा कायमचा गेला. आपल्याकडे यांपैकी नेमके काय घडते ते नोंदी पाहून ठरवता येईल, पण एकेक वाट बुजवत बसण्याने मूळ गृहीतक बरोबर ठरत नाही.

शून्यांच्या पट्ट्याचे कोडे आता सुटते. आपला वाचणारा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा त्याच्या क्रमांकावरून काढलेल्या जागी लिहितो, आणि ही पद्धत योग्यच आहे. मात्र एखादा तुकडा आला नाही आणि त्याच्या पुढचे आले, तर मधल्या जागेत फाइल सिस्टिम पोकळी ठेवते आणि ती वाचल्यावर शून्ये दिसतात. शेवटचा तुकडा लिहिला गेला की फाइलचा आकार पूर्ण होतो, मग मध्ये कितीही भगदाडे असोत. म्हणून फाइलच्या आकारावरून प्रगती मोजणे या पद्धतीत पूर्णपणे निरुपयोगी आहे.

यावरचा उपाय असा की फाइलचा कोणता भाग पोहोचला याची अधिकृत नोंद प्राप्तकर्त्याजवळ असावी, आणि पाठवणाऱ्याने स्वतःच्या आठवणीवर विसंबून न राहता प्रत्येक वेळी ती नोंद विचारून घ्यावी. पाठवणाऱ्याची वही फार तर वेग वाढवण्यासाठी ठेवावी. तिच्यावर निर्णय घेऊ नये. तुटलेले काम पुढे नेणाऱ्या जुन्या-नव्या पद्धती पाहिल्या तर त्यांतही हेच दिसते. एचटीटीपीवर चालणाऱ्या ‘टस’ प्रोटोकॉलमध्ये पाठवणारा आधी सर्व्हरला विचारतो की आपल्याजवळ कितव्या बाइटपर्यंत मजकूर आला आहे, आणि तेथूनच पुढे पाठवतो. त्याने दुसऱ्याच जागेपासून पाठवायला सुरुवात केली तर सर्व्हर ४०९ हा उत्तरसंकेत देऊन नकार देतो. बिटटोरेंटमध्ये जोडणी झाल्याबरोबर प्रत्येक बाजू आपल्याजवळ कोणते तुकडे आहेत याचा बिटनकाशा (प्रत्येक तुकड्यामागे आहे-नाही सांगणारा एक बिट) दुसऱ्या बाजूला देते.

आपल्या यंत्रणेसाठी हे पुढीलप्रमाणे उतरवता येईल. हस्तांतरण सुरू होण्यापूर्वी पाठवणाऱ्याने एक मॅनिफेस्ट, म्हणजे तपशीलपत्रक, पाठवावे. त्यात हस्तांतरणाची एकमेव ओळख, फाइलचा एकूण आकार, तुकड्याचा आकार, तुकड्यांची संख्या आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, असावा. त्यानंतरच्या प्रत्येक तुकड्यासोबत तीच ओळख आणि तुकड्याचा क्रमांक जावा. १० जीबीच्या फाइलचे ५१२ केबीचे २०,४८० तुकडे होतात आणि प्रत्येकामागे एक बिट धरला तर प्राप्तकर्त्याचा नकाशा अवघ्या २,५६० बाइटचा होतो. एसएचए-२५६ या पद्धतीचे ३२ बाइटचे हॅश मात्र मिळून ६४० केबी भरतात, म्हणजे मॅनिफेस्ट स्वतःच एका तुकड्यापेक्षा मोठे होते. ज्या अडचणीसाठी फाइल कापली तीच अडचण मॅनिफेस्टबाबत उभी राहते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात उशिरा येते. अशा वेळी हॅश त्या त्या तुकड्यासोबत पाठवावेत आणि मॅनिफेस्टमध्ये सर्व हॅशच्या यादीचा मिळून एकच हॅश ठेवावा.

प्राप्तकर्त्याच्या बाजूला सर्वांत महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम. तुकडा आला की त्याचा हॅश पडताळावा, तो आपल्या जागी लिहावा, ‘एफसिंक’ करून डिस्कवर पक्का करावा, मग नकाशातील बिट लावून नकाशाही पक्का करावा आणि सर्वांत शेवटी ब्रोकरला पोच द्यावी. या क्रमात वीज कोठेही गेली तरी फार तर एखादा तुकडा पुन्हा येतो, आणि तो त्याच जागी पुन्हा लिहिल्याने काहीही बिघडत नाही. बिट आधी आणि मजकूर नंतर असा क्रम उलटला, तर नकाशा खोटे बोलू लागतो आणि ते खोटे शेवटच्या पडताळणीपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही, कारण तो तुकडा पुन्हा कोणी मागतच नाही.

प्रत्येक तुकड्याला एफसिंक महाग पडते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून साठ-सत्तर तुकडे एकत्र लिहून, एकदाच पक्के करून, ‘मल्टिपल’ निर्देशासह एकच पोच द्यावी. मात्र त्यासाठी प्रीफेच, म्हणजे पोच न देता हातात ठेवता येणाऱ्या संदेशांची मर्यादा, गटाच्या आकाराहून कमी नसावी. गट ६४ चा आणि प्रीफेच २० असेल तर प्रोग्रॅम उरलेल्या ४४ तुकड्यांची आणि ब्रोकर २० पोचांची वाट पाहत बसतील आणि कोठेही त्रुटीचा संदेश न दिसता काम थांबून राहील. थोडा वेळ नवे काही आले नाही तर अपुरा गटही पक्का करून टाकावा, नाहीतर प्रत्येक फाइलचे शेपूट अडकून पडेल.

आता तुटलेले काम पुन्हा सुरू करताना पाठवणाऱ्याने ‘काय राहिले?’ हे विचारायचे आहे. हा प्रश्न वेगळ्या रांगेतून पाठवण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास तुकड्यांच्या रांगेत अजून पडून असलेले शेकडो तुकडे प्राप्तकर्त्याने पाहिलेलेच नसतात आणि तो ते सगळे राहिलेल्यांत मोजतो. माझ्या मते प्रश्नही तुकड्यांच्याच रांगेतून, त्यांच्या मागोमाग पाठवावा. रांगेवर एकच वाचणारा असेल, आणि रॅबिटएमक्यूच्या ३.८ आवृत्तीपासून ‘सिंगल ॲक्टिव्ह कन्झ्युमर’ या सोयीने तसे ठरवता येते, तर तो प्रश्न वाचेपर्यंत आधीचे तुकडे त्याच्या हाती आलेले असतात. हातातील गट डिस्कवर पक्का करून त्याने उत्तर द्यावे आणि ते राहिलेल्या क्रमांकांच्या पल्ल्यांत द्यावे, जसे ४,०९६ ते ४,१५९ आणि १८,००० ते २०,४७९. उत्तर हरवले तर प्रश्न खुशाल पुन्हा विचारावा. जुने उत्तर उशिरा हाती पडले तरी त्याने फार तर काही तुकडे दोनदा जातील, कारण मिळालेला तुकडा पुढे ‘न मिळालेला’ होत नाही. चूक झालीच तर ती निरुपद्रवी बाजूलाच होते.

ब्रोकरच्या पोचेतील क्रमांक म्हणजे तुकड्याचा क्रमांक नव्हे, हेही तपासून पाहावे. रॅबिटएमक्यूमध्ये हे क्रमांक चॅनेलपुरते (जोडणीच्या आतील एका स्वतंत्र मार्गापुरते) असतात आणि नवा चॅनेल उघडला की पुन्हा १ पासून सुरू होतात. पुन्हा जोडणी झाल्यावर या दोन क्रमांकांची गल्लत होणे अगदी सोपे आहे, आणि आपला दोष केवळ कधीकधी दिसतो यावरून ती शक्यता मला दुर्लक्षिण्याजोगी वाटत नाही.

प्रश्न: सगळे तुकडे हाती येऊन फाइल जुळेपर्यंत कोणत्याही तुकड्याची पोच न देणे अधिक सुरक्षित नाही का? मध्ये काही झालेच तर ब्रोकर सगळे पुन्हा देईल.

उत्तर: ही पद्धत सुरक्षित दिसते, प्रत्यक्षात तीच सर्वांत आधी मोडते. पोच किती काळ अडवून ठेवता येते याला बहुतेक यंत्रणांत मर्यादा आहे. रॅबिटएमक्यूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत मूळच्या मांडणीनुसार ३० मिनिटांत पोच आली नाही तर चॅनेल बंद केला जातो. ॲमेझॉनच्या एसक्यूएस या रांग-सेवेत वाचलेला संदेश इतरांपासून लपून राहण्याची मूळ मुदत ३० सेकंदांची आहे आणि ती वाढवली तरी १२ तासांपलीकडे नेता येत नाही. मंद जोडणीवरून येणारी मोठी फाइल या मर्यादा सहज ओलांडते, आणि मग ब्रोकर तेच तुकडे नव्याने देऊ लागतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणखी एक धोका असा की रॅबिटएमक्यू ४.० पासून क्वोरम प्रकारच्या (अनेक सर्व्हरांवर प्रती ठेवणाऱ्या) रांगेत एखादा संदेश वारंवार परत आला तर २० फेऱ्यांनंतर तो काढून टाकला जातो. अशा संदेशांसाठी ‘डेड लेटर’ रांग ठरवलेली नसेल तर तो नाहीसाच होतो. ज्या अर्थी तुकडा आपल्या डिस्कवर पक्का झाला, त्या अर्थी तो ब्रोकरजवळ ठेवण्याचे कारण उरत नाही. पोच तेव्हाच द्यावी.

प्रश्न: आम्ही काफ्का ही संदेश-यंत्रणा वापरतो. काफ्कामध्ये ऑफसेट असतो आणि आयडेम्पोटंट प्रोड्युसर या पाठवणाऱ्या बाजूच्या सोयीमुळे संदेश दोनदा लिहिला जात नाही. मग वेगळा नकाशा ठेवण्याची गरज काय?

उत्तर: काफ्कामुळे काम बरेच हलके होते, पण प्रश्नात ज्या दोन सोयींचा उल्लेख आहे त्या वेगळ्याच गरजांसाठी आहेत.

काफ्काचा ऑफसेट हा पार्टिशनमधील, म्हणजे संदेशांच्या एका क्रमवार भागातील, जागा दाखवतो; फाइलमधील जागा नव्हे. एका पार्टिशनमध्ये तीन फाइलींचे तुकडे एकमेकांत मिसळून आले असतील, तर वाचणाऱ्याने नोंदवलेला ऑफसेट ‘येथपर्यंत वाचले’ एवढेच सांगतो. त्यांपैकी कोणती फाइल कोठवर आली, हे त्यातून कळत नाही. एका फाइलचे सगळे तुकडे हस्तांतरणाची ओळख ‘की’ म्हणून देऊन पाठवले तर ते एकाच पार्टिशनमध्ये आणि क्रमाने राहतात, आणि तसे करावेच. क्रम राखला गेला तर सबंध बिटनकाशाऐवजी ‘अमुक क्रमांकापर्यंत सलग मिळाले’ हा एकच आकडा पुरेल. तरीही तो आकडा आपल्यालाच, फाइलगणिक, मजकुराशेजारी ठेवावा लागेल. पार्टिशनांची संख्या मात्र हस्तांतरण चालू असताना वाढवू नये, कारण त्यामुळे त्याच कीचे पुढचे तुकडे दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकतात आणि गृहीत धरलेला क्रम मोडतो.

आयडेम्पोटंट प्रोड्युसर ०.११ आवृत्तीत, २०१७ मध्ये आला. त्यात प्रत्येक प्रोड्युसरला एक ओळख मिळते आणि त्याचे संदेश अनुक्रमांकासह जातात. त्यामुळे जाळ्यातील अडथळ्यामुळे लायब्ररीने तोच संदेश पुन्हा पाठवला तर ब्रोकर तो ओळखतो. पण आपला प्रोग्रॅम बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि त्याने तुकडा क्रमांक ५०० पुन्हा पाठवला, तर ब्रोकरच्या दृष्टीने तो एका नव्या प्रोड्युसरचा नवा संदेश असतो. तुटलेले काम पुढे नेताना नेमके हेच घडते. काफ्काचे ट्रान्झॅक्शनही काफ्कातून काफ्कात होणाऱ्या नोंदींपुरते आहे. आपण डिस्कवर लिहिलेली फाइल त्याच्या कक्षेत येत नाही. दुबार आलेला तुकडा ओळखण्याचे काम शेवटी प्राप्तकर्त्याचेच आहे, आणि ठरलेल्या जागी लिहिण्याच्या पद्धतीत ते फुकट साधते.

काफ्काची एक बाजू मात्र खरोखर उपयोगी आहे. वाचल्यानंतरही संदेश मुदतीपर्यंत टिकतात, त्यामुळे प्राप्तकर्त्याच्या डिस्कवरील अर्धवट फाइल गेली तरी पाठवणाऱ्याला न विचारता मागे जाऊन पुन्हा वाचता येते. ही मुदत मूळच्या मांडणीनुसार ७ दिवसांची असते. वाचणाऱ्या प्रोग्रॅमांच्या गटाने (कन्झ्युमर ग्रुपने) नोंदवलेले ऑफसेटही कायमचे नसतात. गट बराच काळ बंद राहिला तर तेही पुसले जातात आणि मग मूळच्या मांडणीनुसार वाचन सर्वांत नव्या संदेशापासून सुरू होते. म्हणजे दीर्घकाळ बंद राहून उठलेला प्रोग्रॅम मधले तुकडे न कळवताच ओलांडून जातो. मोठ्या फाइलींसाठी ही मांडणी ‘अर्लिएस्ट’ (सर्वांत जुन्या संदेशापासून) करून ठेवावी. जुने तुकडे पुन्हा दिसले तरी नुकसान काही नाही.

प्रश्न: तुकड्याचा योग्य आकार कोणता?

उत्तर: वरची मर्यादा ब्रोकर ठरवतो. काफ्कामध्ये मूळची मर्यादा सुमारे १ एमबी आहे आणि नॅट्स या संदेश-यंत्रणेतही १ एमबीच. ॲमेझॉन एसक्यूएसमध्ये ती अनेक वर्षे २५६ केबी होती आणि २०२५ मध्ये १ एमबी झाली. आयबीएम एमक्यूमध्ये मूळची मर्यादा ४ एमबी असून ती १०० एमबीपर्यंत वाढवता येते. रॅबिटएमक्यूमध्ये ती १२८ एमबी होती, ४.० आवृत्तीत १६ एमबी करण्यात आली, आणि हा बदल पुरेसा बोलका आहे. मर्यादा वाढवता येते म्हणून वाढवावी असे नाही. मोठा संदेश ब्रोकरच्या स्मृतीत जागा अडवतो, त्याच जोडणीवरील लहान संदेशांना ताटकळत ठेवतो, आणि संपर्क तुटला तर तेवढाच मोठा भाग पुन्हा पाठवायला लावतो.

तुकडा फार लहान केला तर हेडर, हॅश आणि पोचा यांचाच भार मजकुराला जड होतो. सर्वसाधारणपणे २५६ केबी ते १ एमबी हा पल्ला बहुतेकांना पुरतो, पण मर्यादेला अगदी टेकून आकार ठरवू नये, कारण हेडरलाही जागा लागते. मजकूर जेसन या अक्षरी स्वरूपात बसवण्यासाठी बेस६४ (बाइट अक्षरांत मांडण्याची पद्धत) वापरले जात असेल तर प्रत्येक ३ बाइटांचे ४ होतात, आणि १ एमबीचा तुकडा १.३३ एमबीचा होऊन १ एमबीची मर्यादा असेल तेथे नाकारला जातो. मुळात रांगेतून बाइट जसेच्या तसे पाठवता येत असताना बेस६४ कशासाठी, हा प्रश्न अशा वेळी स्वतःला अवश्य विचारावा. स्मृतीचा हिशेबही प्रीफेचने गुणून करावा, म्हणजे ५१२ केबीचे ६४ तुकडे हातात ठेवायचे तर ३२ एमबी लागतील, आणि तेही प्रत्येक वाचणाऱ्यामागे. एकदा सुरू झालेल्या हस्तांतरणाचा तुकड्याचा आकार मात्र मध्येच बदलू नये. बदलायचाच असेल तर नवी ओळख घेऊन नवे हस्तांतरण सुरू करावे.

प्रश्न: हे सर्व वाचून असा प्रश्न पडतो की फाइल रांगेतून पाठवावीच कशाला?

उत्तर: प्रश्न अगदी योग्य आहे, आणि पर्याय उपलब्ध असेल तर माझे उत्तर ‘पाठवू नये’ असेच राहील. फाइल एखाद्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे जाळ्यावरील फाइल-साठवणीत, ठेवावी आणि रांगेतून फक्त तिचा पत्ता, आकार आणि हॅश पाठवावा. ही ‘क्लेम चेक’ नावाने ओळखली जाणारी रचना आहे. ॲमेझॉनची एसक्यूएससाठीची विस्तारित लायब्ररी हेच करते. मोठा मजकूर एस-थ्री या ॲमेझॉनच्या साठवणीत ठेवून रांगेत केवळ त्याचा निर्देश टाकते, आणि त्यामुळे २ जीबीपर्यंतचा मजकूर हाताळते. नॅट्समध्ये जेटस्ट्रीम या तिच्या साठवणीच्या सोयीवर आधारलेला ऑब्जेक्ट स्टोअर आहे, तो मजकूर स्वतःच तुकड्यांत कापून ठेवतो.

अशा रचनेत तुटलेले काम पुढे नेण्याचा भार साठवणाऱ्या यंत्रणेवर जातो. एस-थ्रीमध्ये मल्टिपार्ट, म्हणजे भागाभागांत, अपलोड करताना शेवटचा भाग सोडून प्रत्येक भाग किमान ५ एमबीचा असावा लागतो आणि भागांची संख्या १०,००० पलीकडे नेता येत नाही. म्हणजे ५ एमबीचे भाग ठरवले तर साधारण ४८ जीबीच्या पुढे गाडी अडते, म्हणून भागाचा आकार फाइल पाहून ठरवावा. संपर्क तुटल्यावर कोणते भाग पोहोचले याची यादी मागता येते, पण ती एका वेळी १,००० नोंदींपर्यंतच मिळते; पहिले पान वाचून थांबणारा प्रोग्रॅम पोहोचलेले भाग पुन्हा पाठवत राहतो. अर्धवट सोडलेले भाग जागा अडवतात आणि त्यांचे शुल्कही चालू राहते, म्हणून ते ठरावीक दिवसांनी रद्द करणारा नियम पहिल्याच दिवशी लावून ठेवावा. मल्टिपार्टने चढवलेल्या फाइलच्या ई-टॅगला (सर्व्हरने दिलेल्या ओळखखुणेला) सबंध फाइलचा एमडी५ हॅश समजू नये, तो तसा नसतो. फाइलचा हॅश वेगळा काढून संदेशातच पाठवावा.

उतरवून घेणाऱ्याने एचटीटीपीची ‘रेंज’ मागणी वापरावी आणि तिच्यासोबत ‘इफ-रेंज’मध्ये आधी मिळालेला ई-टॅग द्यावा. मध्यंतरी फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर २०६ उत्तरसंकेतासह उरलेला भाग देतो. बदलली असेल तर २०० देऊन सबंध फाइल नव्याने देतो. हा संकेत न पाहता आलेले बाइट जुन्या अर्धवट फाइलच्या शेपटाला जोडणारे प्रोग्रॅम आजही सापडतात.

दोन अटी मात्र विसरू नयेत. फाइल साठवणीत पूर्ण पोहोचल्यानंतरच तिचा पत्ता रांगेत जावा. आणि साठवणीतील फाइलची मुदत रांगेतील संदेशाच्या मुदतीपेक्षा लांब असावी. एसक्यूएसमध्ये संदेश १४ दिवसांपर्यंत राहू शकतो, आणि फाइल ७ दिवसांत पुसली जात असेल तर पत्ता उरेल पण त्या पत्त्यावर काही नसेल.

दोन सर्व्हरांमध्ये रांगेखेरीज दुसरी वाटच उघडी नसते, अशाही यंत्रणा असतात, आणि तेथे तुकडे रांगेतूनच न्यावे लागतात. आयबीएम एमक्यू असेल तर तिच्या मॅनेज्ड फाइल ट्रान्सफरमध्ये ही व्यवस्था तयार आहे. तुटलेले हस्तांतरण ते शेवटच्या नोंदवलेल्या टप्प्यापासून पुढे नेते. तयार साधन हाताशी असताना स्वतःचे रचण्याचा उत्साह आवरावा, असे मला वाटते.

प्रश्न: हस्तांतरण तुटले असतानाच मूळ फाइल बदलली तर काय करावे?

उत्तर: जुने हस्तांतरण सोडून द्यावे. ओळख फाइलच्या नावावरून ठरवली असेल तर निम्मे तुकडे जुने आणि निम्मे नवे असा गोंधळ होतो, म्हणून ओळख मजकुरावर, म्हणजे मॅनिफेस्टच्या हॅशवर, आधारलेली असावी. पुन्हा सुरुवात करताना पाठवणाऱ्याने फाइलचा आकार आणि बदलाची वेळ पाहावी आणि शंका असल्यास हॅश पुन्हा मोजावेत. ज्या फाइलीत सतत नोंदी पडत असतात तिची आधी स्थिर प्रत काढावी आणि ती प्रत पाठवावी. बदल अगदी थोडा असेल तर तुकड्यांच्या हॅशचा आणखी एक लाभ मिळतो. नव्या मॅनिफेस्टमधील जे हॅश जुन्या अर्धवट फाइलमधील त्याच जागच्या तुकड्यांशी जुळतात, ते प्राप्तकर्ता जुन्यातून उचलू शकतो. फाइलच्या सुरुवातीलाच काही बाइट वाढले असतील तर मात्र पुढचे सगळे तुकडे सरकतात आणि हा लाभ उरत नाही. त्या गरजेसाठी सरकत्या चेकसमवर चालणारे आरसिंक आहे, जे १९९६ पासून उपलब्ध आहे.

प्रश्न: प्राप्तकर्त्याचा बिटनकाशाच खराब झाला तर?

उत्तर: तुकड्यांचे हॅश हाताशी असतील तर नकाशा पुन्हा तयार करता येतो. डिस्कवरील अर्धवट फाइल क्रमाने वाचून प्रत्येक तुकड्याचा हॅश मोजावा आणि जुळला तेवढ्यांचे बिट लावावेत. बिटटोरेंटचे प्रोग्रॅम ‘पुन्हा तपासा’ म्हटल्यावर हेच करतात. मोठी फाइल वाचायला वेळ लागतो, पण जाळ्यावरून ती पुन्हा आणण्यापेक्षा तो सहसा कमीच असतो. यासाठी तुकड्यांसोबत आलेले हॅश प्राप्तकर्त्याने नकाशापासून वेगळ्या फाइलमध्ये साठवावेत, नाहीतर दोन्ही एकदमच जातील. नकाशाविषयी किंचित जरी शंका असली तरी तो टाकून देऊन नव्याने उभारावा.

प्रश्न: फाइल पूर्ण झाली हे प्राप्तकर्त्याने कधी मानावे, आणि ही सगळी यंत्रणा तपासावी कशी?

उत्तर: नकाशातील सगळे बिट लागले आणि एकूण हॅशही जुळला, तरच. तोपर्यंत फाइल ‘.पार्ट’सारख्या तात्पुरत्या नावाने ठेवावी म्हणजे दुसरा कोणताही प्रोग्रॅम ती अर्धवट उचलणार नाही. पडताळणी झाल्यावर तिचे नाव बदलावे. नाव बदलणे ही क्रिया एकाच फाइल सिस्टिममध्ये अखंड असते. तात्पुरती फाइल दुसऱ्या डिस्कवर असेल तर नाव बदलण्याऐवजी नक्कल होते आणि ती मध्येच तुटू शकते, म्हणून दोन्ही जागा एकाच फाइल सिस्टिममध्ये ठेवाव्यात. त्यानंतर प्राप्तकर्त्याने ‘पूर्ण’ असा संदेश उलट पाठवावा, आणि मूळ फाइल पुसण्याचा अधिकार पाठवणाऱ्याला तो संदेश मिळाल्यावरच असावा. ‘पूर्ण’ हा संदेशही हरवू शकतो, म्हणून पूर्ण झालेल्या हस्तांतरणांच्या ओळखी प्राप्तकर्त्याने काही काळ लक्षात ठेवाव्यात. नाहीतर उशिरा आलेल्या एखाद्या दुबार तुकड्यामुळे तो संपलेले काम नव्याने उघडून बसेल.

तपासणीसाठी जाळ्याची केबल काढून पाहणे पुरेसे नाही, कारण तेव्हा दोन्ही प्रोग्रॅम जिवंत असतात आणि त्यांची स्मृती शाबूत असते. लिहिल्यानंतर पण एफसिंकपूर्वी, एफसिंकनंतर पण बिट लावण्यापूर्वी, बिट लावल्यानंतर पण पोच देण्यापूर्वी, आणि नाव बदलल्यानंतर पण ‘पूर्ण’ कळवण्यापूर्वी, अशा प्रत्येक जागी प्रोग्रॅम जबरदस्तीने मारून पुन्हा सुरू करावा आणि शेवटचा हॅश पाहावा. प्रोग्रॅम मारल्याने लिहिलेले बाइट ऑपरेटिंग सिस्टिमजवळ राहतातच, त्यामुळे एफसिंक विसरल्याची चूक या पद्धतीने उघड होत नाही; त्यासाठी आभासी मशीनची वीजच तोडावी लागते. तपासणीची फाइल एकसारख्या बाइटांची घेऊ नये. सगळी शून्यांची फाइल घेतली तर तिच्यातील पोकळी कोणाला दिसणारच नाही, आणि सर्व तुकडे सारखेच असतील तर तुकडा चुकीच्या जागी लिहिला गेला तरी हॅश जुळेल. यादृच्छिक बाइटांनी भरलेली, आणि तुकड्याच्या आकाराने पूर्ण भाग न जाणारी फाइल घ्यावी, म्हणजे शेवटच्या अपुऱ्या तुकड्याचीही परीक्षा होईल.